सासूबाईंची मनोऱ्यावर स्वारी

आमच्या हॅझलबेक गावात एक मनोरा आहे. खरं तर मनोराच आधी होता. गाव त्याच्याभोवती नंतर वाढलं. मध्ययुगात इथल्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी शेजारच्या गावाची जिरवायची म्हणून तो बांधायला काढला, आणि वर टोकदार कळस चढवायच्या सुमारास त्यांचं आपापसात वाजलं. म्हणून तो वर सपाटच राहिला. कळस का नाही, असं कुणी परक्यानं विचारलंच तर आम्ही "मुळात आराखडाच तसा होता" असं सांगतो आणि विषय हवामानाकडे नेतो.

मनोऱ्याचा आम्हाला भयंकर अभिमान. बिस्किटांच्या डब्यावर मनोरा, फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर मनोरा, न्हाव्याच्या पाटीवरसुद्धा मनोरा. मात्र त्यावर चढलेला गावकरी शोधून सापडणार नाही. चढण्याचं काम जर्मन पाहुण्यांनी करावं, अमेरिकन पाहुण्यांनी करावं. आम्ही खालून अभिमान बाळगावा, अशी कामाची वाटणी फार जुनी आहे. मी, सिरिल पोलार्ड, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त वरिष्ठ कारकून, या वाटणीवर पूर्ण समाधानी होतो. पाणीसुद्धा वरून खाली येतं. माणसानं उगाच खालून वर जाऊ नये, असं माझं नोकरीतून बनलेलं मत आहे.

पण गेल्या वसंतात नगरपालिकेनं जाहीर केलं, की मनोरा दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद राहणार. आमच्या नगरपालिकेची दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्यांनी आमचा पोहण्याचा तलाव पाहिलाय त्यांना सांगायला नको. तलाव दुरुस्तीला काढला तेव्हा ज्या मुलांना पोहायला शिकायचं होतं ती आता आपल्या मुलांना शेजारच्या गावी पोहायला नेतात.

सासूबाईंनी ही बातमी आमच्याकडे चहाला आल्या असताना पेपरात वाचली. मिसेस अ‍ॅगनेस हॉवर्थ, वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र उत्तम स्थितीत. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बंद व्हायच्या आत मला वर जायचंय."

"कुठं वर?" मी विचारलं. त्यांच्या वयाच्या माणसानं असं म्हटलं की प्रश्न पडतोच.

"मनोऱ्यावर रे! स्वर्गात नाही. तिथं मी माझी जाईन, तुझी मदत लागणार नाही."

ब्रेंडा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, काय खूळ काढलंयस? तुला आमच्या जिन्यावरून न्हाणीघरात जायला मध्ये एकदा बसावं लागतं."

"मग तिथेही बसेन," सासूबाई म्हणाल्या. "तुझा बाप आयुष्यभर तिथं जाऊन बसत होता."

इथे थोडं सांगायला हवं. माझे सासरे वॉल्टर हॉवर्थ मनोऱ्यातल्या घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक. आमच्याकडे ही मंडळी वेगळीच असतात. दोर ओढायचा, तो कुठल्या क्रमानं ओढायचा याचे आकडे झोपेतही पुटपुटायचे, आणि त्यात जे सुख मिळतं ते बाहेरच्या कुणालाही समजावून सांगता येत नाही म्हणून पुन्हा आपसातच बसायचं. मंगळवारी सराव, रविवारी प्रार्थनेच्या आधी आणि नंतर, लग्नं, सण, राजघराण्यातली बाळंतपणं. वॉल्टर कधी चुकले नाहीत. सुरुवातीला बायकांना तिथं प्रवेशच नव्हता. पुढे तो मिळाला, तोवर सासूबाईंचा राग इतका मुरला होता, की आता बोलावलंत तरी येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. वॉल्टरही अबोल माणूस. त्यांनी एकदा बोलावलं, नंतर बोलावलं नाही. मग ते वारले.

"माझ्यापेक्षा बरं असं काय ठेवलं होतं तिथं," सासूबाई म्हणाल्या, "ते एकदा डोळ्यांनी बघून घेते. मग खुशाल पाडा म्हणावं."

ब्रेंडानं माझ्याकडे पाहिलं. तिला स्टुलावर चढून दिवा बदलतानाही चक्कर येते, तेव्हा त्या पाहण्याचा अर्थ स्पष्ट होता. मी बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. तिथेही मनोराच होता.

आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही, कारण आमचं आणि शटलवर्थचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीला कान लावायला शटलवर्थला भरपूर वेळ आहे. हा पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा, त्यामुळे आपण जवळजवळ डॉक्टर आहोत अशी त्याची समजूत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कुंपणावर रेलला.

"पोलार्ड, गुडघा ही काय चीज आहे तुला कल्पना नाही," तो म्हणाला. "गोल जिना सरळ चढायचाच नसतो. खेकड्यासारखं आडवं चढायचं. आणि उतरताना उलटं. पाठ खाली, तोंड वर."

"तू चढलायस कधी?"

"मी? छे! पण मी उतरवलेत लोक. स्ट्रेचरवरून."

पलीकडच्या मिसेस लम यांचा सल्ला सामानाविषयी होता. त्यांच्या मावसबहिणीचे यजमान म्हणे कुठल्याशा किल्ल्याच्या जिन्यात असे अडकले, की त्यांना काढायला अग्निशामक दल आलं, आणि आलेलं दलही अडकलं. "तुम्ही आपलं सगळं बरोबर ठेवा," त्या म्हणाल्या. "थर्मासभर चहा. सँडविच. जाड मोजे. शिट्टी. बॅटरी. गोळ्या, चघळायच्या आणि डोकेदुखीच्या, दोन्ही. आणि बसायला रबरी उशी. दगड फार गार असतो हो, तो आयुष्यभर त्रास देतो."

मी मानेनं हो हो करत होतो. पण ब्रेंडा ते सगळं खरोखरच जमवायला लागली. माझी पाठीवरची पिशवी रोज थोडी थोडी फुगत होती, जणू तिला दिवस गेले होते.

शिवाय शटलवर्थनं जाहीर केलं, की आपण बरोबर येणार. "वेळ आली तर वैद्यकीय माणूस हवा." मिसेस लम म्हणाल्या, मग मीही येते, दोन पुरुषांच्या भरवशावर अ‍ॅगनेसला सोडायचं म्हणजे काय! झालं. एका सासूबाईंचं साधं वर जाणं होतं, त्याची मोहीम झाली.

आता परवानगी. मला वाटलं होतं, तिकीट काढायचं आणि चढायचं. गच्चीपर्यंत जायला ते तसंच आहे. पण सासूबाईंना गच्चीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना जिन्याच्या मध्यावरची घंटा वाजवण्याची खोली हवी होती, आणि ती कुलूपबंद असते. मी चर्चच्या कचेरीत गेलो. तिथले पाद्री फार गोड माणूस. ते म्हणाले, घंटा आमच्या, दोर आमचे, खोलीही आमची; पण खोलीकडे जाणारा जिना नगरपालिकेचा. माझी हरकत काहीच नाही, फक्त तुम्हाला हवेतून यावं लागेल. मग मी नगरपालिकेत गेलो. तिथं पुरातन वास्तू विभागात मिस प्रूडन्स क्रॅब्ट्री नावाच्या बाई बसतात. त्यांनी मला विचारलं, "बाईंची प्रकृती कशी आहे?"

"गुडघे सोडले तर ठणठणीत."

"चढायला गुडघेच लागतात, मिस्टर पोलार्ड."

"ते तुम्ही त्यांना सांगाल का?" मी म्हटलं. "हा त्यांचा फोन नंबर."

मिस क्रॅब्ट्रींनी लगेच फोन लावला. त्यांचं बोलणं मला एकाच बाजूनं ऐकू येत होतं, आणि त्या बाजूला "हो", "नाही हो", "तसं नाही म्हणायचं मला" आणि "माफ करा" एवढेच शब्द होते. फोन ठेवल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एक मार्ग आहे."

मार्ग असा, की विम्याच्या नियमाप्रमाणे ऐंशीच्या वरच्या व्यक्तीबरोबर एक सक्षम व्यक्ती असावी लागते. सक्षम म्हणजे कागदोपत्री सक्षम. त्यासाठी नगरपालिकेच्या तळघरात अर्ध्या दिवसाचा वर्ग भरतो. मी गेलो. माझ्याखेरीज तिथं दोन क्रेन चालवणारे दांडगे गडी होते. शिकवणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला खुर्चीवर चढून उतरायला लावलं, धूर झाला तर काय कराल असं विचारलं, आणि शेवटी भडक पिवळं जाकीट व छातीवर लावायचा बिल्ला दिला. क्रेनवाल्यांच्या बिल्ल्यावर "सक्षम व्यक्ती" असं होतं. माझ्या बिल्ल्यावर होतं, "सक्षम व्यक्ती (तात्पुरती)".

घरी येऊन मी तो बिल्ला ब्रेंडाला दाखवला. ती टेबलाला धरून इतकी हसली, की भिंतीपलीकडून शटलवर्थनं "काय झालं?" म्हणून विचारलं. मग तिनं मला जाकीट घालून खिडकीपाशी उभं केलं, फोटो काढला आणि स्कॉटलंडमधल्या बहिणीला पाठवला. बहिणीचं उत्तर आलं, "तात्पुरती कधीपर्यंत?" संसारात माणसाला कुणी कधी सक्षम म्हणत नाही. सरकारनं म्हटलं, तर घरच्यांना त्यातला कंसच दिसला.

मनोरा बंद होण्याच्या आधीचा शेवटचा रविवार ठरला. ब्रेंडा सकाळीच सासूबाईंच्या घरी गेली. त्यांचं घर मनोऱ्याच्या मागच्या उतारावर, अगदी जवळ. सगळं आटोपल्यावर तिथंच जेवायचं, भाजलेलं कोकराचं मटण करते, असं तिचं ठरलं होतं. आम्ही चौघं प्रार्थना संपल्यावर मनोऱ्याच्या दारापाशी पोचलो आणि बघतो तर रांग चर्चच्या फाटकाबाहेर गेलेली. पिढ्यान्‌पिढ्या न चढलेलं अख्खं हॅझलबेक त्या दिवशी चढायला आलं होतं. एखादी गोष्ट बंद होणार म्हटलं, की आम्हाला तिच्याशिवाय करमत नाही. शिवाय रांग होती, आणि रांग दिसली की आम्ही आधी उभे राहतो, मग कशाची ते विचारतो.

सासूबाई ठेवणीतला निळा कोट, टोपी, हातमोजे, पर्स आणि छत्री अशा थाटात होत्या. माझं पिवळं जाकीट आणि पाठीवरची पिशवी पाहून लोक मला वाट विचारत होते.

दारापाशी मिस्टर ऑग्डेन, घंटा वाजवणाऱ्यांचे प्रमुख, हातात बोलायचं यंत्र घेऊन उभे होते. जिना इतका अरुंद, की एका वेळी एकाच दिशेनं माणसं सोडावी लागतात. खाली ऑग्डेन, वर गच्चीवर त्यांच्या पत्नी. त्यांनी वरून "मोकळा" म्हटलं की यांनी खालून सोडायचे. योजना निर्दोष होती. फक्त त्या सकाळी ऑग्डेन पतिपत्नींचं न्याहारीच्या वेळी काहीतरी बिनसलं होतं आणि बाई बोलत नव्हत्या. ऑग्डेन यंत्रात तीनतीनदा "काय गं, मोकळा आहे का?" विचारत होते. पलीकडून शांतता. ती शांतता त्यांनी होकार धरली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर या माणसानं असं काही धरावं याचं मला आश्चर्य वाटतं.

"खोलीची किल्ली," असं म्हणत त्यांनी माझ्या हातात एक अजस्र लोखंडी किल्ली ठेवली. मी ती विजारीच्या उजव्या खिशात टाकली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मिसेस लमनी दारातून आत डोकावून अंधार पाहिला आणि म्हणाल्या, "खाली कुणीतरी थांबायला हवंच की नाही?" असं म्हणून त्या समोरच्या बाकावर बसल्या. पुढे शटलवर्थ, मध्ये सासूबाई, मागे मी, अशी आमची मिरवणूक निघाली. शटलवर्थ ठरल्याप्रमाणे खेकड्यासारखा आडवा चढत होता. सासूबाई सरळ चढत होत्या. एक पायरी, एक उसासा, एक शेरा. "केवढी ही पायरी! बांधणाऱ्याला बायको नसणार." पुढची पायरी. "झाडू म्हणून कुणी मारला नाही." पुढची पायरी. "आणि वॉल्टर दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा इथं."

आमच्या मागून अख्खं गाव चढत होतं.

अर्ध्यावर गेल्यावर वरून बुटांचा आवाज आला. मग बोलण्याचा. मग वळणावरून एक गुडघा दिसला, आणि गुडघ्यामागून एक उंच जर्मन गृहस्थ, त्यांच्यामागे त्यांचा डोंगर चढणाऱ्यांचा अख्खा क्लब, प्रत्येकाच्या पाठीवर माझ्यापेक्षा मोठी पिशवी.

"अरेरे," शटलवर्थ म्हणाला. "आधी तुम्ही."

"नाही नाही, आधी आपण," जर्मन गृहस्थ म्हणाले. फार सभ्य माणूस.

"छे छे, तुम्ही पाहुणे."

"पण बाई आहेत आपल्याबरोबर."

हे पुष्कळ वेळ चाललं. कुठल्याही बाजूला हलायला बोटभर जागा नव्हती, पण आग्रह दोन्हीकडून मनापासूनचा होता. खालून कुणीतरी "काय झालं?" विचारलं, त्याच्या खालच्यानं तेच त्याच्या खालच्याला विचारलं, आणि तो प्रश्न गोल फिरत फिरत चर्चच्या अंगणात गेला. अंगणातून उत्तर वर आलं, की कुणीतरी म्हातारी दगावली.

"कोण दगावली?" सासूबाई ओरडल्या. "मी इथं उभी आहे!"

मी मागे सरकून जागा करावी म्हणून अंग वळवलं, आणि तिथंच चूक झाली. थर्मास, रबरी उशी आणि सँडविचचा डबा यांनी मिळून भिंत आणि मधला दगडी खांब यांच्यामध्ये पाचर मारली. मला पुढे जाता येईना, मागे जाता येईना. हात वर राहिलेले, ते खाली येईनात. त्याच वेळी आडवं चढून चढून शटलवर्थच्या कमरेत उसण भरली आणि तो पायरीवर मटकन बसला. आमचा वैद्यकीय माणूस कण्हत होता.

"इथे कुणी जबाबदार आहे का?" खालून एका बाईनं विचारलं. "नगरपालिकेचं कुणी? त्यांचा नियम आहे ना, सक्षम व्यक्ती पाहिजे म्हणून?"

सगळे थांबले. त्या अंधारात माझं जाकीट फार छान चमकत होतं.

"हाच तो," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या आयुष्यात मानहानीचे प्रसंग थोडे आले नाहीत. निरोपसमारंभात खात्यानं मला दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं घड्याळ दिलं होतं. पण भिंतीत चिणल्यासारखं उभं राहून, हात वर करून, दोन देशांच्या नागरिकांच्या नजरा झेलणं ही गोष्ट वेगळी. जर्मन गृहस्थांनी शांतपणे सुचवलं, "सर्वांनी एकदम श्वास बाहेर सोडावा." सर्वांनी सोडला. काही झालं नाही. पिशवीतला थर्मास मात्र दाबानं सुटला आणि कोमट चहा माझ्या पाठीवरून, विजारीतून, पायावाटे खालच्या पायरीवर ठिबकू लागला.

"अहो," खालचा माणूस हळूच म्हणाला, "असू दे. भीतीनं होतं असं."

"चहा आहे तो!" मी म्हटलं.

"हो हो. चहाच."

सासूबाईंनी तेवढ्यात छत्रीच्या टोकानं बाजूची भिंत ठोकून पाहिली. ती भिंत नव्हती, दार होतं. "सिरिल, हीच का ती खोली?"

"तीच असेल. किल्ली माझ्या खिशात आहे. पण माझे हात..."

"कुठल्या खिशात?"

"मदर, थांबा, मी प्रयत्न करतो..."

"अरे, लाजतोस काय? तुझ्या बायकोचे लंगोट बदललेत मी." या दोन गोष्टींचा संबंध काय हे मला कळायच्या आत त्यांनी हातमोजा काढला, वाकल्या आणि माझ्या विजारीच्या खिशात हात घातला. वरून टाळ्या पडल्या. जर्मन मंडळींना वाटलं असेल, हा इथला काही जुना विधी आहे.

कुलूप करकरलं, दार उघडलं. मग मात्र सासूबाईंनी कुणाला बोलूच दिलं नाही. "तुम्ही, उंच महाशय, आत या. भिंतीला लागून उभे राहा. मागचे, तुम्हीही. आग्रह पुरे. शटलवर्थ, रांगत ये, लाज कसली! दोरांना हात लावायचा नाही कुणी." बघता बघता क्लबच्या क्लब त्या खोलीत गेला, जिना रिकामा झाला, जर्मन गृहस्थांनी माझ्या पिशवीचे पट्टे सोडवले आणि मला बाटलीच्या बुचासारखं ओढून बाहेर काढलं. गाव आमच्या बाजूनं आदबीनं वर निघून गेलं. जाताना प्रत्येकानं माझ्या विजारीकडे पाहिलं आणि हवामान बरं आहे म्हटलं. गाव गच्चीवर गेल्यावर पाहुणेही एकेक करून खाली उतरले. शटलवर्थनं कमरेचं निमित्त सांगून दोन तगड्या जर्मनांच्या खांद्यांवरून उतरणं पसंत केलं.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. थोड्या वेळानं ऑग्डेन धापा टाकत वर आले. पण सासूबाईंचा चेहरा पाहून दारातच थांबले.

चौकोनी, उंच, गार खोली. छतातल्या भोकांतून दोर खाली आलेले, हाताला येतील अशा उंचीवर लाल-पांढऱ्या लोकरीच्या पकडी. एक झिजलेला गालिचा. न जुळणाऱ्या खुर्च्या. कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी, तिच्यावर काळी किटली. भिंतीवर जुन्या मंडळींचे फोटो, त्यांत वॉल्टर, नेहमीसारखेच, कुणीतरी आता काहीतरी विचारेल या भीतीनं उभे.

सासूबाईंनी एक फेरी मारली. किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं. गालिच्याची कड छत्रीनं उचलून पाहिली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

ऑग्डेननी घसा खाकरला. "एवढंच, मिसेस हॉवर्थ."

"मला वाटलं, निदान गुत्ता तरी असेल. पत्ते, बाटल्या, काहीतरी." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "या गारठ्यासाठी तो माणूस घर सोडून येत होता. जन्मभर मी कुणाचा हेवा केला? या किटलीचा?"

मला वाटलं, आता यांना घरी नेऊन जेवायला घालणं एवढंच आपल्या हातात आहे. त्या छत्रीवर भार देऊन उभ्या होत्या. खिडकीपाशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं. खिडकी म्हणजे पूर्वी बाण मारायला ठेवतात तशी उभी फट. मी त्यांना धरून तिथं बसवलं.

त्या बसल्या. डोकं भिंतीला टेकलं, सहज बाहेर पाहिलं, आणि पुढे वाकल्या. मग चष्मा लावला.

"सिरिल," त्या म्हणाल्या, "हे माझं घर आहे."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या फटीतून गावातलं दुसरं काहीही दिसत नव्हतं. नदी नाही, बाजार नाही, टेकड्या नाहीत. उतरती छपरं, आणि त्यांच्या मधोमध नेमकं सासूबाईंच्या घराचं मागचं दार, पायरी आणि भाजीचा वाफा. चित्राला चौकट करून लावावी तसं.

"ती वॉल्टरची जागा," ऑग्डेन म्हणाले. "घंटा झाल्या की आम्ही चहा घ्यायचो आणि तो कप घेऊन तिथं बसायचा. दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. आम्हाला वाटायचं, पाऊस बघतोय. मग मध्येच टोपी घालायचा आणि पळायचा. चहा अर्धा टाकून."

सासूबाई म्हणाल्या, तेही आमच्याकडे न बघता, "रविवारी मटण ओव्हनमधून काढायच्या जरा आधी मी मागे जाऊन पुदिना खुडते. चटणीला. खुडायचा, धुवायचा, चिरायचा, व्हिनेगार घालायचं. आणि भांडं टेबलावर ठेवलं, की फाटक वाजायचं. दर रविवारी. एक दिवस चुकला नाही. मी म्हणायची, या माणसाला नाक आहे का काय आहे! मी विचारलंसुद्धा त्याला एकदा."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, वास येतो." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि रुमालाआडून म्हणाल्या, "चोर मेला. वरून टेहळणी करत होता माझी."

ऑग्डेन मागच्या मागे जिन्यात गेले. यंत्रात ते हळू आवाजात कुणाची तरी समजूत काढत असल्याचं ऐकू आलं.

मी तिथंच उभा होतो. खाली मागचं दार उघडलं आणि ब्रेंडा बाहेर आली. आपल्याला कुणी पाहतंय हे तिला माहीत नव्हतं. तिनं अ‍ॅप्रनला हात पुसले. एक क्षण तशीच उन्हात उभी राहिली. घरात ती अशी कधी उभी राहत नाही, किंवा राहत असेल, मी पाहिलेलं नाही. मग कमरेवर हात ठेवून वाकली, वाफ्यातून पुदिना खुडला, मूठ नाकाशी नेली आणि उगाचच हसली. काय आठवलं असेल कोण जाणे. मी इतक्या लांबून तिच्याकडे पाहत होतो, आणि मला तिथून हलावंसं वाटेना.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"बघत काय राहिलास? खुडला ना पुदिना? नीघ आता."

"आणि तुम्ही?"

"मी बसते जरा. ऑग्डेन आणेल मला सावकाश. तू जा, नाहीतर वेळ चुकेल."

मी तो जिना कसा उतरलो मला आठवत नाही. सरळ उतरलो एवढं नक्की. बाकावरून मिसेस लमनी काहीतरी विचारलं, मी हात केला. चर्चचं अंगण ओलांडलं, उतारावरून जवळजवळ धावलो, आणि सासूबाईंचं फाटक लोटून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ब्रेंडा चटणीचं भांडं टेबलावर ठेवत होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अगदी वेळेवर कसा रे आलास?"

मी पिवळं जाकीट काढून खुंटीला लावलं.

"वास आला," मी म्हटलं.